अक्का, शेड पुन्हा सुरू केली

काल सकाळी आपल्या मेणबत्त्यांच्या शेडचं शटर वर केलं, अक्का. तुम्हाला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून ते खालीच होतं. इतके दिवस कोंडलेला वास एकदम अंगावर आला. मोगरा, लव्हेंडर, स्ट्रॉबेरी, चंदन, सगळं एकात एक. तुम्ही त्याला मिसळ म्हणायचात. माझ्या मागं कामावरच्या शांताबाई उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "अक्का आतच हायत असं वाटतंय." मलाही तेच वाटलं होतं, पण बोलून दाखवलं असतं तर कुणाचाच हात कामाला लागला नसता.

तेराव्याला गावातल्या चार जाणत्या माणसांनी तुमच्याबद्दल भाषणं केली. फौजीची बायको, कष्टाळू, मायाळू, दहा बायकांना रोजगार देणारी. सगळं खरं. पण मी मंडपाच्या खांबाला टेकून ऐकत होते आणि त्या बोलण्यात तुम्ही कुठं सापडत नव्हतात. म्हणून हे लिहायला बसले.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही दाजींबरोबर पठाणकोटला होतात. कवठे महांकाळच्या माहेरातून निघताना आमच्याकडच्या बायकांनी सासूबद्दल काही सांगितलं नव्हतं, कारण सासू हयातच नव्हती. नणंदेबद्दल मात्र भरपूर सांगितलं होतं. थोरली नणंद, त्यात हिंदी बोलणारी, मुलखभर फिरलेली. दाजी निवृत्त झाले आणि त्यांचं पाटणकडचं डोंगरातलं गाव सोडून तुम्ही आमच्या घराशेजारीच घर बांधायला काढलंत, तेव्हा मी आईला फोन करून रडले होते. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता रागावू नका.

घराची वास्तुशांत झाली आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही एक काळी ट्रंक फरफटत माझ्या स्वयंपाकघरात आणलीत. वर पांढऱ्या रंगात दाजींचं नाव आणि नंबर. मला वाटलं, साड्या दाखवताय. आतून निघाले चोचीचे स्टीलचे जग, वातींची रिळं, एक तापमान बघायची काचेची नळी आणि जुन्या हिंदी पेपरात गुंडाळलेले साचे. छावणीत फौजींच्या बायकांना मेणबत्त्या करायला शिकवायचे, तुम्ही शिकलात, मग तुम्हीच शिकवायला लागलात, हे तुम्ही उभ्या उभ्या सांगितलंत. वर म्हणालात, "आता ह्यांची फौज सुटली. माझी कशाला सुटंल? तुझ्याकडं चहाचे ग्लास किती हायत गं?"

माझ्या लग्नात आलेले चहाचे ग्लास त्या दिवशी कामी आले. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून मेण वितळवलं. वात मधोमध उभी राहीना, तर तुम्ही दोरीवरचे कपड्यांचे चिमटे काढून आणलेत, चिमट्यात वात धरली आणि चिमटा ग्लासाच्या काठावर आडवा ठेवला. मी सुवासाचं तेल लगेच ओतायला निघाले तर माझं मनगट धरलंत. मेण उकळत असताना तेल टाकलं की वास उडून जातो, थोडं थंड होऊ द्यायचं, आणि फार थंड झालं की तेल मिसळत नाही. ती मधली वेळ तुम्ही नळीकडं बघून सांगायचात आणि मी पातेल्यावरच्या वाफेकडं बघून. कुणाचं बरोबर, यावर आपण पुढं किती वाद घातले. बहुतेक वेळा दोघींचं एकच निघायचं आणि त्याचाच तुम्हाला जास्त राग यायचा.

सुरुवातीला गावातल्या एका टॅक्सीवाल्याच्या गाडीतून आपले खोके महाबळेश्वरला जायचे. बाजारपेठेतले दुकानदार स्ट्रॉबेरीच्या वासाच्याच मागायचे. तुम्हाला तो वास अजिबात आवडायचा नाही. "खोकल्याच्या औषधासारखा हाय," म्हणायचात, आणि तरी प्रत्येक जार नाकाशी धरूनच खोक्यात ठेवायचात. मग पुण्याचा तो व्यापारी आला. एकेक नग घेण्याऐवजी सगळा माल एकदम उचलणारा. त्याला घाऊक माल हवा होता, आणि घाऊक मालाला माझं स्वयंपाकघर पुरणार नव्हतं.

जागा एकच मोकळी होती. तुमच्या भावानं हौसेनं बांधलेली आणि नाद सुटल्यावर सोडून दिलेली कोंबड्यांची शेड. मी म्हटलं, अक्का, कोंबड्यांच्या शेडमध्ये सुवासाच्या मेणबत्त्या? तुम्ही पदर खोचून चुन्याची बादली उचललीत. आपण भिंतींना चुना दिला, फरशी बसवली, फिनेलनं धुतली, पुन्हा चुना दिला. कोरड्या हवेत काही कळायचं नाही. हवा जरा दमट झाली की मात्र भिंतींतून कोंबड्या परत यायच्या.

व्यापारी शेड बघायला यायचा होता नेमका त्या दिवशी आभाळ भरून आलं. तुम्ही सकाळपासून लव्हेंडरचे जार लावून ठेवलेत, कोपऱ्याकोपऱ्यात, खिडक्यांत, अगदी पाण्याच्या टाकीवरसुद्धा. मदतीला आलेली मंगल शिंकून शिंकून बेजार झाली. तो माणूस आत आला, थांबला, दोनदा श्वास घेतला आणि विचारलं, हा कुठला सुवास, काहीतरी वेगळाच आहे. मी जमिनीकडं बघत राहिले. तुम्ही अगदी शांतपणे सांगितलंत, "हा आमचा खास हाय." तो गेल्यावर आपण दोघी मेणाच्या पोत्यांवर बसून इतक्या हसलो की दाजी काठी घेऊन बघायला आले, काय झालं म्हणून. आणि वर त्याचा फोन आला, तो खास सुवास थोडा पाठवता येईल का. अक्का, परवा तो भेटायला आला होता. तुमच्या फोटोला हार घातला. मला हसू आवरेना आणि रडूही, आणि त्याला वाटलं मी नुसती रडतेय.

आपलं काम वाढलं. तुम्ही सकाळी बायकांना फौजेतल्यासारखं "फॉलिन" म्हणायचात आणि त्या खरोखर ओळीत उभ्या राहायच्या, हसत, डोक्याचा रुमाल बांधत. कुणाचे केस मोकळे दिसले तर परत घरी. शांताबाई विळ्यानं मेणाच्या लाद्या फोडायच्या, मंगल ग्लास कोमट करून द्यायची, मी ओतायची, तुम्ही तपासायचात. थंडीत मेण भराभर आवळायचं आणि मधोमध खड्डा पडायचा. तो दुसऱ्यांदा ओतून भरावा लागायचा. ते कंटाळवाणं काम तुम्ही कुणाला दिलं नाहीत. स्वतःच स्टुलावर बसून करायचात, एकेक ग्लास, आणि हिंदी गाणी गुणगुणायचात, ज्यांचे शब्द तुम्हाला कधीच पूर्ण यायचे नाहीत.

झाकणाचा वाद आठवतो? व्यापाऱ्याला झाकण नको होतं, त्यानं माल महाग पडतो म्हणून. मलाही नको होतं. तुम्ही ऐकेनात. तुमचं म्हणणं, मेणबत्ती असली तरी ती ज्योत आहे, आणि ज्योत तोंडानं फुंकून विझवायची नाही. "झाकण ठिवायचं. आपोआप शांत हुती." मी म्हटलं, गिऱ्हाईक कुठं एवढा विचार करतंय. तर म्हणालात, त्यानं करू नये, आपण करायचा. शेवटी लाकडाची साधी झाकणं ठरली. आणि लोकांना नेमकी तीच आवडली, असं व्यापाऱ्यानंच कळवलं. हा वाद तुम्ही जिंकलात. मी तेव्हा मोठ्या मनानं कबूल केलं नव्हतं, एवढंच.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो आपला महाबळेश्वरचा फेरा.

तिथल्या एका हॉटेलानं खोल्याखोल्यांत ठेवायला आपले जार घेतले होते. सरळ आपल्याकडून, मधे कुणी नाही. मी किती खूश होते. आपला नेहमीचा ग्लासवाला माल देईना म्हणून त्या खेपेला ग्लास नवीन ठिकाणचे घेतले होते. दिसायला सुरेख, जरा पातळ. माल वर पोचला. तुमची सवय अशी की प्रत्येक खेपेतली एक मेणबत्ती घरी नेऊन तळापर्यंत जाळायची, रोज थोडी थोडी, देवघराशेजारच्या फळीवर. एका दुपारी तुम्ही तो ग्लास हातात धरून शेडमध्ये आलात. मेण तळाला आलं होतं आणि काच बुडापासून वर अशी तडकली होती, केसासारखी रेघ.

मी म्हटलं, एखादा निघतो असा. तुम्ही त्याच खेपेतले आणखी चार लावलेत आणि वाती लांब ठेवून दिवसभर जळू दिलेत. त्यांतला अजून एक गेला. कडकन आवाज आला आणि वितळलेलं मेण फळीवर पसरलं. तुमचा चेहरा असा कधी बघितला नव्हता.

मी म्हणत होते फोन करू, हॉटेलवाल्यांना सांगू की लावू नका, पाऊस थांबला की माल परत आणू. वरचा पाऊस तुम्हाला ठाऊक होता, मलाही होता. घाटात दरड आली की दोन दोन दिवस रस्ता बंद. तुम्ही छत्री शोधत होतात. म्हणालात, "फोनवर तो व्हय म्हणंल आन इसरंल. खोलीत नवरानवरी आस्त्यात गं, झोपी गेल्यावर कोण बघतंय? वात आपल्या हातची हाय."

आपण टॅक्सी केली. वाई सोडली आणि पुढं पसरणीच्या घाटात काचेवर पाण्याचा पडदाच धरला. ड्रायव्हर मान बाहेर काढून गाडी चालवत होता. तुम्ही पुटपुटत होतात, मला वाटलं देवाचं नाव घेताय. नंतर कळलं, कुठल्या खोलीत किती जार दिले ते आठवत होतात.

हॉटेलच्या मॅनेजरला काही पटेना. तरुण, सभ्य माणूस. एवढ्या पावसात कुणी स्वतःचा विकलेला माल परत न्यायला येतं हे त्याला कळतच नव्हतं. तक्रार तर कुणी केलेली नाही, असं तो परत परत सांगत होता. तुम्ही तडकलेला ग्लास त्याच्यापुढं ठेवलात आणि हिंदीत, अगदी फौजी हिंदीत, सगळं सांगितलंत. मग तो स्वतः किल्ल्या घेऊन आपल्याबरोबर निघाला. खोली वाजवायची, माफी मागायची, जार उचलायचा. तुमची ओली साडी पायांत अडकत होती. वरच्या मजल्यावरच्या एका खोलीत पडद्याशेजारच्या छोट्या लाकडी टेबलावर आपला जार होता. तळापर्यंत जळालेला, तडकलेला. सांडलेलं मेण थिजलं होतं आणि टेबलाचं लाकूड काळं पडलं होतं. पडदा तिथून वीतभर लांब. आतल्या मुलीनं हसून सांगितलं, काल आपोआप विझली. तिला काही कल्पनाच नव्हती.

तुम्ही तो जार पदरात घेतलात आणि बाहेरच्या व्हरांड्यात येऊन खाली बसलात. मॅनेजरनं चहा मागवला. तुम्ही जार काही सोडला नाहीत, म्हणून कप मी धरला.

ती गोष्ट तुम्ही गावात कुणाला सांगितली नाहीत. त्या हॉटेलानंही पुन्हा आपला माल घेतला नाही. मला वाटायचं, एवढं केल्यावर तरी घेतील. मी तसं म्हटलंही. तुम्ही म्हणालात, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही घेतला नसता. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पुरतं पटत नाही. पण त्या व्हरांड्यात बसलेल्या तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर आलात की मला वाटतं, आपण काय काम करतो हे मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत मी मेणबत्त्या करत होते. त्यानंतर दर खेपेतली एक मीही घरी नेऊन जाळायला लागले.

आपला एक वाद मात्र अर्धाच राहिला. नावाचा. आपला माल पुण्याला जातो, तिथं त्याच्यावर दुसऱ्याचं नाव चिकटतं आणि तो कुठल्या कुठल्या शहरात विकला जातो. माझी इच्छा होती की साताऱ्यात एक छोटं दुकान घालावं, जारवर आपलं नाव असावं. तुमचं म्हणणं, दुकानात एकीला दिवसभर गिऱ्हाईकाची वाट बघत बसावं लागतं, घाऊक माल असला की वर्षभर सगळ्यांच्या हाताला काम राहतं. दिवाळी झाली, लग्नसराई सरली तरी शेड बंद पडत नाही. मी म्हणायची, पण कुणाला कळणार आपण केल्यात म्हणून? तुम्ही म्हणायचात, "वास आपला हाय न्हवं? नावाला काय वास अस्तो?" आणि मी चिडून उठून जायची.

दवाखान्यातही आपण त्यावरच बोललो. तुमच्या नाकाला नळी होती, दम लागत होता. तुम्ही म्हणालात, तुझं दुकान घाल, पण शेड बंद करू नको. मी म्हटलं, दोन्ही कसं जमेल, आधी बऱ्या होऊन या, मग भांडू. तुम्ही मान हलवलीत. ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही.

परवा तो व्यापारी हार घालून झाल्यावर म्हणाला, पुढच्या मालाच्या तळाला बारीक अक्षरांत तुम्हा दोघींचं नाव छापू का, अक्कांची आठवण म्हणून. इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडले ते आयतं दारात आलं होतं. मी विचार करून सांगते म्हटलं. कारण मी हो म्हटलं असतं तर समोरून "कशाला गं" म्हणणारं कुणी नव्हतं. तुम्ही विरोध करायचात तेव्हा मला माझं म्हणणं नीट मांडता यायचं. आता ते माझं मलाच ऐकू येतं आणि पोकळ वाटतं. तरी अक्का, बहुतेक मी हो म्हणेन. नाव छापेन, दुकानाचं नंतर बघेन. शेड चालू राहील. हे तुमच्या बाजूनं झालं की माझ्या, ते ठरवायला तुम्ही हव्या होतात.

काल मोगऱ्याची खेप घेतली. सोपी म्हणून. मेण वितळलं, बायका आपापल्या जागी उभ्या राहिल्या आणि कुणीच काही सुरू करेना. मग मंगलच्या हातून चिमट्यांचं टोपलं पडलं, सगळे चिमटे शेडभर झाले, आणि शांताबाई तुमच्या आवाजात म्हणाल्या, "फौजेत आस्तीस तर गोळीच घातली असती." सगळ्या हसल्या. तिथून काम सुरू झालं. माल चांगला उतरलाय.

संध्याकाळी मी दाजींना चहा द्यायला गेले. ते ओट्यावर बसले होते. तुम्हाला माहीत आहे, ते किती कमी बोलतात. तुम्ही गेल्यापासून तर हूं नाही की चूं नाही. मी शेड सुरू केल्याचं सांगितलं. मोगरा घेतला म्हटलं. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, आणि रस्त्याकडं बघत म्हणाले, "सुरेखा, तिचं एक राहून गेलं बघ. तिला लय वाटायचं, तू तिला आगंतुगं करावंस. भैनी कशा बोलत्यात, तसं. म्हणायची, इतकी वर्सं एका पातेल्यात हात घातला, आन ती मला अजून तुमी म्हणतीया."

मी म्हटलं, मग मला कधी बोलल्या का नाहीत?

"मागून घेतलं तर काय मजा, म्हणायची."

मी कप घेऊन आत आले आणि तुमच्या मोरीत तो कितीतरी वेळ धुवत राहिले. मला कधी सुचलंच नाही, अक्का. थोरल्या नणंदेला अगं म्हणायचं हे आमच्या तोंडाला येतच नाही. तुम्ही वाट बघत होतात, आणि मी मान म्हणून तुम्हाला लांब ठेवत होते.

हे सगळं लिहितानाही बघा, तुम्हीच येतंय. जीभ वळत नाही. पण कागदावर तरी एकदा म्हणू दे.

अगं अक्का, लय राबलीस. लय दमलीस. बस आता, मी ओतते.